कवी उकंडाचं तोंड

त्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन गोष्टींवरून रोज कटकट होई. एक कोळशाची धूळ आणि दुसरा तो नट. वणीत आमचं घर खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला अगदी चिकटून. पहाटेपासून ट्रकांची घरघर सुरू होई, फळीवरची भांडी थरथरत, आणि दोरीवर वाळत घातलेलं पातळ संध्याकाळी काढावं तर त्याच्या घड्यांत काळं पीठ भुरभुरलेलं. आई ते झटकता झटकता ट्रकवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. बाबा मात्र ट्रकवाल्यांविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नसत, कारण आमची चूल त्यांच्यावरच पेटायची. बाबा पेंटर होते. घरापुढच्या कडुनिंबाखाली ट्रक उभा राही आणि बाबा त्याच्या पाठीवर मोर, कमळ, उगवता सूर्य, मालकाच्या पोरांची नावं, जे सांगतील ते काढून देत. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'आर्टिस्ट शालिक, वणी'. आपण चंद्रपूरच्या पलीकडे कधी गेलो नाही, पण आपली सही पार आंध्रात जाऊन येते, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. घरात सगळ्याला टर्पेंटाइनचा वास. भाकरीला, आंबाडीच्या भाजीला, माझ्या कॉलेजच्या ओढणीला. "या मानसाचा हात नाकाले लागला तं मानूस बेशुद्ध होईन," असं आई म्हणे. बाबा हसत, आणि त्याच हाताने ठेच्यात भाकर बुडवत.

मी अकरावीत होते तेव्हा तो सिनेमा आला. आमच्याच भागातल्या एका कवीवरचा होता. कवी उकंडा. लेकरं जगत नसली की पुढचं मूल उकिरड्यावर ठेवून परत उचलायचं आणि त्याचं नाव उकंडा ठेवायचं, म्हणजे त्याला कुणाची नजर लागत नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत. त्या रितीतून वाचलेला हा माणूस आमच्याच समाजातला, कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करणारा. एक हंगाम वणी, एक हंगाम पांढरकवडा, पुढचा आणखी कुठे. सरकीच्या ढिगावर उभा राहून कविता म्हणे, आणि तरुणपणीच तापाने गेला. आमची वस्ती जिनिंगच्या मजुरांचीच, त्यामुळे त्याच्या ओळी आमच्या आज्यांना पाठ होत्या. 'सरकीवानी पिळा आमाले, तेल तुमीच घ्या, राह्यली ढेप तं ढोराइले तेही देऊन द्या.' पोर रडलं तरी आया हेच म्हणत झोका देत. माणसाचं तोंड मात्र कुणाला माहीत नव्हतं. त्याने कधी फोटो काढला नव्हता. हमालाचा फोटो कोण काढतो?

सिनेमा लागला त्या दिवशी वस्ती सगळी मिळून गेली. टॉकीजच्या दाराशी काही बायांनी चपला काढून हातात घेतल्या. डोअरकीपर म्हणाला, बाई, हे देऊळ नोय. त्यातली एक म्हणाली, "देऊळ नसन, पन आपला मानूस हाये नं आतमधी." पडद्यावर इंग्रजांच्या शेवटच्या वर्षांतला काळ उभा केला होता. कापसाच्या बैलबंड्यांची रांग, मालकाची घोडागाडी, गोल टोप्या घातलेले दिवाणजी. आणि त्या गर्दीत तो. त्या नटाचं नाव मी इथे लिहीत नाही. जे झालं त्यात त्याची काडीची चूक नव्हती, आणि आता तो गेलाही. जिनिंगच्या फाटकापुढचा प्रसंग होता. मजुरांना बाहेर काढलं आहे, आणि हा फाटकाच्या दगडावर चढून कविता म्हणतो. केसांत, भुवयांत, पापण्यांवर रुईचे तंतू. दुसऱ्या कुठल्या नटाने ते पुसले असते. याने पुसले नाहीत. पापणीवर रुई घेऊनच तो बोलत राहिला, त्यामुळे डोळे अर्धे मिटलेले, जणू कविता त्याला आतून कुणी सांगतं आहे. शेवटच्या ओळीच्या आधी तो थांबला. इतका थांबला की मागच्या रांगेतलं एक लेकरू "संपलं का वं?" म्हणालं, आणि तेव्हा त्याने ओळ म्हटली, अगदी हळू, मान थोडी डावीकडे टाकून. माझ्या अंगावर काटा आला. पुढे मी आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली, मुंबई-पुण्याची मोठमोठी नाटकं पाहिली, आणि आजही सांगते, तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही.

मग मी वेडीच झाले. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून दुपारच्या खेळाला जाऊन बसू लागले. घरी गादीच्या फाटलेल्या कोपऱ्यातून कापूस काढून केसांत खोचायचा, आरशापुढे डोळे अर्धे मिटायचे आणि मान डावीकडे टाकून थांबायचं. आईने एकदा मागून येऊन पाहिलं. "काय करून राह्यली वं? गादी खाऊन राह्यली का?" माझं बोलणंही बदललं. नट बोलायचा तसं मी 'मला', 'तुला', 'का बरं' म्हणू लागले. भाकर मागताना "आई, मला जरा भाकरी देतेस का?" असं म्हटलं की आई बाबांकडे बघून म्हणे, "पुन्याची पावनी आली, ताट वाढा तिले." बाबांना मात्र माझं कौतुक. एकदा ब्रश राकेलात बुडवून ठेवत त्यांनी मला पूर्ण कविता म्हणायला लावली आणि डोळे पुसले. टॉकीजवाल्याकडून त्यांनी त्या सिनेमाचं एक मोठं पोस्टर मागून आणलं. फाटकापुढचाच फोटो. ते आमच्या मधल्या खोलीत लागलं.

वस्तीतही असंच काहीतरी घडत होतं, फक्त ते आमच्या लक्षात आलं नाही. सदबा म्हणून एक म्हातारे होते, जिनिंगमधून कधीच सुटलेले. कवीला प्रत्यक्ष ऐकलेला वस्तीत हा एकच माणूस उरला होता. सिनेमाच्या आधी विचारलं तर ते म्हणत, "लय वर्स झाले बापा, आवाज ध्यानात हाये, तोंड नाही." सिनेमा पाहून आल्यावर विचारलं तर म्हणू लागले, "अस्साच होता. मान अश्शीच टाके. मी त्याच्या एवढ्या जवय उभा होतो." त्यांनी खोटं सांगितलं असं मला आजही वाटत नाही. त्यांना खरंच तसं आठवू लागलं होतं. आम्ही मात्र त्या वेळी त्याला साक्ष मानलं. पाहिलेला माणूसच सांगतो आहे, तर आणखी काय पाहिजे?

त्याच सुमाराला विहाराला लागून वस्तीने वाचनालयाची एक खोली बांधली. वर्गणीची, श्रमदानाची, बायांनी डोक्यावर विटा वाहिलेली. नाव कवी उकंडाचंच द्यायचं यात दुमत नव्हतं. आत त्याची भली मोठी तसबीर हवी, आणि ती शालिक पेंटर काढेल, असं ठरलं. बाबा त्या संध्याकाळी घरी आले ते वेगळंच चालत आले. आजवर त्यांनी मोर काढले होते, त्यांना कुणी माणूस काढायला सांगितला नव्हता. सांगितलाच तर ट्रकच्या दारावरची एखादी नटी. आता वस्तीच्या भिंतीवर, कायमचं, माणसाचं तोंड. बाबांची कामाची एकच पद्धत होती. समोर फोटो ठेवायचा, त्यावर दोऱ्याने चौकोन पाडायचे, फळीवर खडूने तेवढेच, पण मोठे चौकोन आखायचे आणि एकेका चौकोनात जे दिसतं ते तसंच्या तसं उतरवायचं. मनाने त्यांना काढता येत नसे, आणि ते तसं उघड सांगतही. "फोटोबिगर हात चालत नाही माह्या." मग फोटो कुठला ठेवायचा, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मधल्या खोलीतलं पोस्टर काढून कडुनिंबाच्या बुंध्याला लावलं गेलं. मी कॉलेजातून आले की ब्रश धुऊन देत असे आणि शेजारी उभी राहून सांगत असे, बाबा, पापणी अजून खाली पाहिजे. बाबा, मान एवढी सरळ नाही. फोटोत न दिसणारं मला पाठ होतं. आई ताट घेऊन आली की लांबूनच एक नजर टाकी. "जिनिंगमधी राबनाऱ्याचे दात एवढे पांढरेफेक असते का वो?" बाबा म्हणाले, "सिनेमावाले लय शोधून काढते. त्याइले आपल्याइतकं समजत नसन का?" आम्हा सगळ्यांनाच ते खरं वाटत होतं. एवढा पैसा, एवढी माणसं, एवढे कंदील आणि टोप्या शोधून आणणाऱ्यांनी माणसाचं तोंड शोधलं नसेल?

कवीची बायको जिवंत आहे हे त्याच वेळी कळलं. झरी जामणीकडे, जंगलाला लागून असलेल्या तिच्या माहेरच्या गावी ती राही. तिच्या हस्ते तसबिरीचं अनावरण करायचं ठरलं, आणि आमंत्रण द्यायला पेंटरनेच जावं, म्हणून बाबा आणि मी एसटीने निघालो. शेवटचा पल्ला पायी होता. भागरता आजी अंगणात सुपात तूर निवडत बसली होती. एकेक खडा वेगळा काढून ती शेजारी ठेवत होती, नजर लख्ख. तिचा मुलगा किसन मोळी टाकून आमच्याजवळ येऊन बसला. चाळिशीचा असेल, आणि लाजरा. बाप गेला तेव्हा तो पोटात होता. बाबांनी सगळं सांगितलं, आणि मग, मला अजून आठवतं, नीट विचारलंही, "माय, सिनेमावाले आलते का तुमच्याकडे?" ती म्हणाली, "आलते नं. गाडीनं आलते. कविता म्हनून दाखवल्या मी, त्याइनं लिहून नेल्या. च्या पेले." झालं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. ते इथे आले होते, म्हणजे सगळं विचारूनच गेले असणार. तोंड कसं होतं हे त्यांनी तिला विचारलं का, एवढा एकच प्रश्न राहिला. तो आम्हाला सुचला नाही.

तिने सिनेमा पाहिलेला नव्हता. जन्मात टॉकीज पाहिली नव्हती. ती बराच वेळ तूर चिवडत राहिली आणि मग म्हणाली, "तोंड काढलं म्हनता?" बाबा म्हणाले, "हो, मोठं. या दारायेवढं." तिने किसनकडे बोट दाखवलं. "यानं बाप पाह्यला नाही. लहानपनी लय विचारे, माय, बाबा कसा होता. मी सांगो. पन सांगून तोंड दिसते का? याले दिसन नं मंग?" मी पुढे होऊन, माझ्या त्या नव्या भाषेत म्हणाले, "हुबेहूब आहेत आजी. तुम्ही बघालच." किसन उठून घरात गेला. थोड्या वेळाने बाहेर आला तेव्हा त्याने तोंड धुतलेलं होतं. आजीने आम्हाला लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भाकर वाढली, आणि निघताना माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

कार्यक्रम दुपारचा होता. मांडव, भोंगे, सगळ्या वस्तीची पांढरी कापडं. तसबिरीवर झाकायला आईने आपलं एक पातळ कोळशाची धूळ जाईपर्यंत धुऊन दिलं होतं. बाबांनी नवा सदरा घातला होता आणि ते भिंतीशी उभे होते, नखांतला रंग तसाच. किसनने आजीला बसस्टँडवरून हाताला धरून आणलं. तिने निळं लुगडं नेसलं होतं, घडीचं, कुणाकडून तरी मागून आणलेलं असावं. तिच्या हातात दोरी दिली. ती ओढली आणि पातळ खाली पडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सदबा हमसून रडू लागले. किसन तर कुणी सांगायच्या आधीच पुढे गेला, तसबिरीच्या खालच्या पट्टीला त्याने कपाळ टेकवलं आणि तसाच राहिला. त्याची पाठ हलत होती. सगळ्या बाया डोळे पुसत होत्या. मी बाबांकडे पाहिलं. इतकं सुख मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

आजीच्या हातात हार होता. नवऱ्याच्या तसबिरीला बायकोने हार घालायचा, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती पुढे आली, तिने वर पाहिलं, आणि तिचा हात पदराकडे गेला. गावात अनोळखी पुरुष समोर आला की बाई ओढते तसा तिने पदर कपाळावर ओढला आणि ती एक पाऊल मागे सरकली. किसन म्हणाला, "घाल नं माय." ती हलली नाही. सूत्रसंचालन करणाऱ्याला वाटलं, आजींना दोन शब्द बोलायचे आहेत. त्याने माइक तिच्या तोंडाशी धरला. आणि मांडवातल्या, मांडवाबाहेरच्या, रस्त्याकडे तोंड करून लावलेल्या सगळ्या भोंग्यांतून तिचा हळू आवाज आला, "हा कोन होय?"

मागे काही पोरं हसली. सूत्रसंचालक म्हणाला, आजी, हेच तर उकंडादादा. ती म्हणाली, "नाही बापू. हा पराया मानूस होय. याले मी हार कशी घालू?" आता कुणी हसलं नाही. किसन खाली बसल्या बसल्या आईकडे आणि तसबिरीकडे आळीपाळीने पाहत होता. त्याच्या कपाळाला ताज्या वार्निशचा डाग लागला होता. कार्यक्रमाचे अध्यक्ष हुशार माणूस. ते उठले, त्यांनी माइक घेतला आणि सांगितलं की आजींचं वय झालं आहे, नजर अधू झाली आहे, आपण समजून घेऊ या. आजीच्या हातातून त्यांनी हार घेतला आणि स्वतः घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुटल्यासारख्या वाजवल्या. सुपातला एकेक खडा वेचणारे ते डोळे मी पाहिले होते.

पुढचं नाव माझं होतं. कविता म्हणायची होती. मी केसांत कापूस खोचून आले होते, कारण तसंच ठरलं होतं. नाव पुकारलं गेलं आणि मी जाऊन उभी राहिले, त्या तसबिरीच्या बरोबर खाली. साधं म्हणून टाकायचं असं मनाशी ठरवलं होतं, पण मला दुसरं काही येतच नव्हतं. डोळे आपोआप अर्धे मिटले. मान डावीकडे गेली. शेवटच्या ओळीआधी मी थांबले आणि त्या शांततेत मला वर भिंतीवर तो आणि खाली मी, एकाच मानेचे दोघं, सगळ्यांना दिसतो आहोत हे कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं जे म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. पहिल्या रांगेत आजी पदर कपाळावर तसाच ठेवून बसली होती. तिने माझी कविता शेवटपर्यंत शहाण्यासारखी ऐकली, आणि सगळ्यांनी वाजवल्या म्हणून टाळ्याही वाजवल्या. आपल्याच नवऱ्याच्या ओळी आहेत हे तिला कळलं की नाही, कोण जाणे. सिनेमात त्या फार स्वच्छ करून घेतल्या होत्या.

त्या लाजेबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. खोटं कुणी बोललं नव्हतं. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. वस्तीला आपल्या माणसाचं तोंड हवं होतं, आणि समोर इतकं सुंदर, इतकं खरं वाटणारं तोंड आलं की आम्ही ते ठेवून घेतलं. तसबीर आजही त्या वाचनालयात आहे. काढावी असं एक-दोघं म्हणाले, पण तिथे मग काय लावायचं? आता तर मोबाईलवर कवीचं नाव टाकलं की त्या नटाचाच चेहरा येतो. माझ्या नातीने परवा शाळेच्या प्रकल्पासाठी तोच कापून चिकटवला. मी तिला सांगायला गेले आणि गप्प बसले. आणि आणखी एक सांगायला हवं. तो सिनेमा कुठे लागला तर मी अजून बघते. फाटकापुढचा प्रसंग येतो, तो थांबतो, माझ्या अंगावर अजून काटा येतो, आणि त्या काट्याची मला लाज वाटते. काम चांगलं होतं हीच तर अडचण आहे. वाईट असतं तर आम्ही त्याला आमचा माणूस कशाला मानलं असतं?

त्या दिवशी संध्याकाळची एसटी निघून गेली होती, म्हणून आजी आणि किसन आमच्याकडेच राहिले. आईने गोळाभात केला, वरून फोडणीचं तेल. बाबा ताटावर बसले आणि उठले. आई आजीला आग्रह करकरून वाढत होती, एरवी पाहुण्यांना वाढते त्यापेक्षा जास्त, आणि धुळीबद्दल, ट्रकांबद्दल अवांतर बोलत होती. किसन बराच वेळ खाली मान घालून जेवला. मग त्याने विचारलं, "मंग कसा होता वं बाबा?" आजी म्हणाली, "सकाऊन सांगीन. दादा काढते म्हने. तू पाहाय." बाबांनीच तिला तसं सांगितलं होतं. ज्या माणसाचा फोटोशिवाय हात चालत नाही, त्याने.

सकाळी कडुनिंबाखाली बाबांनी एक छोटी फळी मांडली. त्यावर चौकोन आखलेले नव्हते. कोरी काळी फळी, हातात खडू. आजी समोर पाटावर बसली, किसन तिच्या शेजारी, आणि मी ओसरीत चहाचे कप घेऊन. मधल्या खोलीत पोस्टर परत लागलं होतं. ते काढून टाकायला माझा हात धजला नव्हता. "सांग माय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज असा मऊ मी ऐकला नव्हता. ती न अडखळता सांगू लागली. "काया होता. या किसनपक्षा काया. ठेंगना. कपाय लहान होतं, केस इथपर्यंत." बाबांनी कपाळ काढलं, पुसलं, परत काढलं. ती म्हणाली, "हो, अस्सं." किसन पुढे झुकला. बाबांच्या कपाळावर थंडीत घाम आला होता, पण खडू चालत होता. मला वाटलं, होईल. आमचं तोंड राहील आणि याला बाप दिसेल.

"आता नाक सांग."

"नाक," ती म्हणाली आणि आठवायला तिने डोळे मिटले. थोडा वेळ गेला. तिने डोळे उघडले, फळीकडे पाहिलं, परत मिटले. रस्त्यावरून एक ट्रक गेला, दुसरा गेला. ती डोळे घट्ट दाबून बसली होती, आणि तिच्या तोंडावर हळूहळू जे आलं ते मी लिहू शकत नाही. "थांब बापू," ती म्हणाली. "नाक येऊन राह्यलं. थांब." बाबा खडू हवेत धरून थांबले. किसन म्हणाला, "चपटं होतं का माय? माह्यासारखं?" तिने मान हलवली. हो म्हणते की नाही, ते कळलं नाही. "दाढी?" बाबांनी विचारलं. "गालावर काही वन, काही डाग?" मग तिने पाटावरूनच हात पुढे करून बाबांच्या हातातला खडू काढून घेतला आणि खाली ठेवला. "राहू दे दादा. काल परेंत होता. आता नाही येऊन राह्यला."

बाबांनी त्यानंतर माणसाचं तोंड कधी काढलं नाही. नटीसुद्धा नाही. ट्रकवाला मागू लागला तर म्हणत, मोर काढून देतो.

गाडीला अजून वेळ होता. ऊन वर आलं होतं, आणि आदल्या दिवसाच्या दगदगीने म्हातारी पार गळून गेली होती. आईने ओसरीत गोधडी टाकली आणि म्हणाली, "थोडं आंग टाका आजी. मी उठवतो गाडीच्या टाइमाले." आजी गोधडीवर येऊन बसली, पण आडवी झाली नाही. भिंतीला टेकली. आईने परत म्हटलं, "पडा नं. झापड येऊन राह्यली तुमाले."

"नाही माय," ती म्हणाली. "डोये मिटले का तो तुमचाच येते."

आणि गाडीची वेळ होईपर्यंत ती तशीच, डोळे उघडे ठेवून बसून राहिली.